लेकरू, समुद्र आणि हिशेब : परभणीहून मुरूड-श्रीवर्धनला पाच दिवस

आपल्या व्यापारी बंधूंचा प्रवास म्हणजे खरेदीचा प्रवास, हे आता ठरूनच गेले आहे. परभणीचा कापड दुकानदार रात्रीच्या गाडीने मुंबईला जातो, मंगलदास मार्केट आणि मुळजी जेठा मार्केटच्या गल्ल्या पालथ्या घालतो, दुपारी भेंडीबाजारात जेवतो आणि रात्रीच्या गाडीने परत फिरतो. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सुरत यांचीही तीच कथा. तीस-तीस वर्षे मुंबईला जाऊनही ज्यांच्या पायाला समुद्राचे पाणी लागले नाही, असे व्यापारी आमच्या ओळखीत पुष्कळ आहेत. घरच्या बायकामुलांना बाहेर न्यायचे ते लग्नाला, मय्यतीला किंवा जियारतीला. केवळ हवापालटासाठी आणि चार घास वेगळे खाण्यासाठी घराबाहेर पडणे ही आपल्याकडे फिजूलखर्ची समजली जाते. त्यातून घरात तान्हे लेकरू असेल तर विषयच संपला. "लेकरू मोठं होऊ द्या, मग बघू" असे म्हणता म्हणता लेकरू शाळेत जाऊ लागते आणि मग परीक्षा आडव्या येतात.

गेल्या जानेवारीत आम्ही उभयता, मुलगा, सूनबाई, धाकटी मुलगी आणि नऊ महिन्यांचा नातू असे मिळून रायगड जिल्ह्यातील मुरूड आणि श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर पाच दिवस राहून आलो. निमित्त सूनबाईंचे होते. बाळंतपण एप्रिलच्या उन्हात झाले, तेही ऑपरेशनने. तेव्हापासून त्या घर आणि दवाखाना याखेरीज कुठे गेल्या नव्हत्या. त्यांचे जेवण तुटले होते, बोलणे कमी झाले होते. औषधापेक्षा चार दिवस जागा बदला, असे डॉक्टरीण बाईंनी सुचविले. माहेर आमच्याच मोहल्ल्यात, तेव्हा तेथे जाऊन जागा काय बदलणार? म्हणून समुद्र ठरला.

व्यापाराच्या पानावर हे कौटुंबिक पुराण कशाला, असे काही वाचक विचारतील. आमचे म्हणणे असे की, या पाच दिवसांत आम्ही जे पाहिले ते धंद्याचेच होते. ज्या जागी लेकराची सोय होते त्या जागी कुटुंबातील सर्वांचा पैसा खर्च होतो, आणि जेथे लेकरू रडते तेथून सारे घर उठून जाते. ही गोष्ट कोकणातील एका विधवा बाईने कोणत्याही कॉलेजात न जाता ओळखली आहे. तिच्या घराविषयी पुढे सांगू.

आधी वेळेविषयी. कापडाच्या धंद्यात लग्नसराई आणि ईद-दिवाळी सोडून दुकान बंद ठेवण्याची हिंमत होत नाही. परंतु पौष महिन्यात हिंदू बांधवांकडे लग्ने नसतात, गिऱ्हाईक पातळ असते आणि कापसाचा पैसा ज्यांच्या हाती यायचा त्यांच्या हाती आलेला असतो. डिसेंबरअखेर ते जानेवारीचा मध्य हा काळ आमच्या पेठेत बसून माशा मारण्याचा. त्याच दिवसांत परभणीत थंडी कडक असते. काही वर्षी पारा पाच-सहा अंशांपर्यंत खाली येतो आणि लेकरांच्या छाती भरतात. किनाऱ्यावर मात्र तेव्हा हवा उबदार आणि कोरडी. नाताळ आणि नववर्षाची गर्दी टाळून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, तेही सोमवार ते शुक्रवार गेलो, म्हणून खोल्यांचे दर उतरलेले मिळाले. पावसाळ्यात तर जाऊच नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, ताजी मासळी दुर्मिळ होते आणि जंजिऱ्याच्या होड्याही बंद असतात.

देवगिरी एक्सप्रेसने रात्री निघालो, सकाळी मुंबई. पाच वर्षांखालील मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, पण स्वतंत्र बर्थही मिळत नाही, हे ध्यानात ठेवून आईसाठी खालचाच बर्थ मागावा. मुलाने दोन बर्थच्या मध्ये जुन्या लुगड्याची झोळी बांधण्याचा बेत केला होता, तो आजीने हाणून पाडला आणि ठीकच केले. दोन थर्मास उकळलेले पाणी, मऊ भाताची आणि मुगाच्या डाळीची भाजून दळलेली पूड, क्षार-साखरेच्या चार पुड्या आणि ज्वारीचे दोन किलो पीठ एवढे खाण्याचे सामान. ज्वारीचे पीठ आमच्यासाठी. परभणीचा माणूस तीन दिवस भाकरीवाचून राहिला की त्याची तब्येत बिघडते.

मुंबईहून मुरूडला पनवेल-पेण मार्गे मोटारीने जाता येते, पण तो रस्ता लेकराला लांब पडतो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसह माणसे नेणारी मोठी बोट मार्च २०२० पासून सुरू आहे. तासाभरात पलीकडे. मोटार खाली उभी, आपण वर हवेत, आणि लेकराला दूध पाजायला पंख्याखाली बाकडे. नातवाने आयुष्यातला पहिला समुद्र पाहिला तो आईच्या मांडीवरून, आणि पाहता पाहता झोपला. मांडव्याहून अलिबाग, रेवदंड्याचा पूल, काशीद असे करीत मुरूड. काशीदची वाळू पांढरी आणि देखणी आहे. मात्र तेथे लाट उसळते आणि किनारा एकदम खोल होतो. लेकरू घेऊन त्या पाण्यात पाय घालू नये, दुरूनच पाहावे.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. समुद्रावर जाणाऱ्या कुटुंबाला कोणते कापड लागते, हे आम्ही तीस वर्षे गज मोजूनही कधी मनावर घेतले नव्हते. कारण परभणीत ते कोणी विचारत नाही. बाजारात लेकरांसाठी जे झगमगीत तयार कपडे येतात त्यात पॉलिस्टरचा भरणा असतो. खाऱ्या दमट हवेत ते अंगाला चिकटतात, घाम शोषत नाहीत, मानेवर आणि मांड्यांत पुरळ उठते. सुती मलमल धुवावी तशी मऊ होते, घाम पिते, आणि विरळ विणीमुळे सावलीत तासा-दीड तासात वाळते. आम्ही ठाणातून गज-गजाचे बारा तुकडे कापून, कडा दुमडून नेले होते. तेच लंगोट, तेच पांघरूण, दूध पाजताना तोच आडोसा, तोच डोक्यावर ओला करून टाकायचा रुमाल. नवीन कापडाला खळ असते. ती दोन-तीन वेळा धुऊन काढल्याशिवाय लेकराच्या अंगाला लावू नये. गर्द रंगाची छपाई असेल तर पांढऱ्या फडक्यावर ओले घासून पाहावे, रंग सुटला तर ते कापड दुकानदाराला परत करावे. (आमचे काही स्नेही हे वाचून रागावतील, पण सांगणे भाग आहे.)

वाळूचेही एक शास्त्र आहे. जाड रोएँदार टॉवेलात वाळू जी शिरते ती परभणीपर्यंत येते. त्यापेक्षा साधा सुती पंचा बरा. झटकला की मोकळा. बसायला लठ्ठ्याची दुहेरी चादर न्यावी, तिची वीण घट्ट असते. आमच्या घरच्या स्त्रियांचे काळे बुरखे पहिल्याच संध्याकाळी मिठाने पांढरे पडले. गोड्या पाण्यातून पिळून काढले की डाग जातात, पण गोडे पाणी हवे. आणि तेथेच आमची पहिली अडचण झाली.

मुरूडमध्ये आम्ही एका लॉजवर उतरलो होतो. खोली स्वच्छ, खिडकीतून नारळाची झाडे आणि समुद्र, भाडे वाजवी. परंतु नळाला पाणी मचूळ. लेकराचे लंगोट साबणाला फेस येईना म्हणून तसेच राहिले. रात्री साडेनऊला सूनबाईंनी वाटीभर पाणी उकळून मागितले, तर स्वयंपाकघर बंद झाल्याचे उत्तर आले. सकाळी आठपूर्वी चहाही नाही. लेकरू तर पाचला उठते. मालकाचे वागणे वाईट नव्हते. त्याने धंदा मित्रमंडळींसाठी मांडला होता, जे रात्री उशिरापर्यंत जागतात आणि दहाला उठतात. लेकरू हे गिऱ्हाईक आहे हे त्याच्या गावीच नव्हते. आमचे तीन खोल्यांचे बुकिंग पाच रात्रींचे होणार होते, ते दोन रात्रींवर आटोपले. फक्त एक वाटी गरम पाण्यासाठी.

मुरूडचे दोन दिवस मात्र आनंदात गेले. सकाळी नऊच्या आत आणि सायंकाळी साडेचारनंतर किनाऱ्यावर जायचे, मधल्या उन्हात घरात, असा नियम आजीने केला. ओहोटीला मुरूडचा किनारा लांबरुंद आणि सपाट होतो. नातवाचे पाय ओल्या वाळूत टेकवले तेव्हा त्याने पाय वर ओढून घेतले. तिसऱ्या वेळी दाबून पाहिले आणि हसला. सूनबाई हसल्या त्याही तेव्हाच. त्या वाळूत बसून त्यांनी गरम भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या, पूर्ण पुडा संपविला, दुसरा मागविला. आमच्या घरच्यांनी आमच्याकडे पाहिले आणि काहीच बोलल्या नाहीत.

जंजिरा पाहायला राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. चहूकडून समुद्राने वेढलेला हा सिद्दींचा किल्ला शेवटपर्यंत कोणाला जिंकता आला नाही. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत, हे पाहून लॉजचे नळ आठवले. सुरतेहून निघणाऱ्या मोगलांच्या जहाजांचे रक्षण करण्याचे काम औरंगजेबाच्या काळात सिद्दींकडे होते, म्हणजे त्या काळच्या व्यापाराचा हा एक पहारेकरीच. मराठवाड्याच्या माणसाला आणखी एक धागा जवळचा वाटेल. छत्रपती संभाजीनगर शहराची मूळ वसाहत खडकी १६१० मध्ये वसविणारा मलिक अंबर हाही हबशीच. होडीत चढ-उतार करताना लाटेने होडी हलते, म्हणून आजी आणि नातू राजपुरीच्या धक्क्यावरच शहाळे पीत बसले. लेकरू कडेवर घेऊन त्या होडीत चढणारी कुटुंबे आम्ही पाहिली. आमची हिंमत झाली नाही.

मग आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत मोटार घातली, खाडी ओलांडली आणि श्रीवर्धन तालुक्यात आलो. येथील एका गावात, मुंबईच्या आमच्या एका अडत्याच्या ओळखीने, आम्हाला त्या बाईचे घर मिळाले.

घर जुने, कौलारू, पुढे अंगण, मागे वाडी. बाईंना आमच्या घरचे आपा म्हणू लागले. त्यांचे यजमान आखातात नोकरीला होते, तेथेच वारले. उत्पन्न सगळे सुपारीचे. श्रीवर्धनची रोठा सुपारी पानवाल्यांना सांगायला नको; परभणीतही जुने शौकीन तीच मागतात. झाडावरून उतरलेली सुपारी सालीसकट सुमारे दीड महिना उन्हात वाळवायची, मग सोलायची, मग प्रतवारी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच भागात जमिनीवर आले. दुपारच्या काही तासांत या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. आपांच्या वाडीतील दहापैकी आठ झाडे गेली. कापडाचे ठाण जळाले तर पुढच्या महिन्यात दुसरे आणता येते. पोफळीचे रोप लावले तर फळ धरायला सहा-सात वर्षे थांबावे लागते. यंदा कोठे नव्या झाडांना पहिले घोस दिसू लागले आहेत.

ही मधली वर्षे त्या घराने पाहुण्यांवर काढली. तीन खोल्या, मुलगी आणि एक शेजारीण मदतीला. महाराष्ट्रात न्याहारी व निवास योजना आहे. घरमालक स्वतः ज्या घरात राहतो त्याच घरातील खोल्या नोंदवून पाहुणे ठेवायचे, अशी तिची रीत. आपांनी आधी शेजाऱ्यांकडून माहिती काढली, कागद जमविले. अन्न विकणाऱ्याला २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, तीही केली. आमच्या मराठवाड्यात घरी शेवया, पापड, लोणची करून विकणाऱ्या कितीतरी भगिनी आहेत. त्यांपैकी ही नोंदणी किती जणींनी केली, हे त्यांच्या घरच्या कर्त्यांनी विचारून पाहावे.

आता त्या घरात लेकराची सोय काय होती? विहीर गोड्या पाण्याची. चुलीवर चोवीस तास एक पातेले उकळलेले पाणी, झाकण ठेवून. अंगणात आडव्या वाशाला पाळणा टांगलेला. लाकडी, जुना, घरातल्या चार पिढ्यांचा. पहाटे पाचला स्वयंपाकघरात दिवा. आणि उकड्या तांदळाची पेज, मिठावाचून, घोटून पातळ केलेली, एका लहान वाडग्यात. ती हिशेबात धरलेली नव्हती. नातवाने परभणीहून नेलेल्या पुडीकडे तोंड फिरविले आणि पेज दोन वेळा खाल्ली. खोलीचे भाडे मुरूडच्या लॉजपेक्षा जास्त होते. आम्ही घासाघीस केली नाही. तीस वर्षांत प्रथमच, असे आमच्या मुलाचे म्हणणे.

जेवणाविषयी किती लिहावे! आम्ही गोदावरी आणि येलदरीच्या पाण्यातली मासळी खाणारी माणसे. मरळ, रोहू, कटला एवढीच ओळख. समुद्राच्या मासळीला एक खारा वास असेल अशी आमच्या घरच्यांना भीती होती. आपांनी पहिल्या रात्री पापलेट नारळाच्या दुधात केले, सोबत तांदळाची भाकरी. ही भाकरी उकडीची असते. उकळत्या पाण्यात पीठ टाकून वाफवायचे, मग मळायचे, म्हणून ती रुमालासारखी मऊ पडते. दुसऱ्या दिवशी सुरमई तळलेली आणि कोळंबीचे कालवण. तिसऱ्या दिवशी अखनी, म्हणजे मटणाच्या रश्श्यात शिजविलेला भात. आमच्या उर्दूतील यखनी हीच असावी. सांदण हा प्रकार आम्ही प्रथमच खाल्ला. तांदळाचे पीठ नारळाच्या दुधात भिजवून फुगवायचे आणि वाफवायचे. पांढरे, जाळीदार, किंचित गोड. नातवालाही त्याचा मऊ तुकडा बोटाने कुस्करून दिला. मासा मात्र त्याला दिला नाही, काट्यांची धास्ती.

मासळी आपा स्वतः बंदरावरून आणीत. आमचा मुलगा एकदा बरोबर गेला. होडी लागली की टोपल्या वाळूवर, भाव तिथल्या तिथे. कोळी भगिनी आणि दालदी मुसलमान हे पिढ्यान्पिढ्यांचे दर्यावर्दी. डोळे स्वच्छ, कल्ले लाल, बोट दाबले तर खळगा राहू नये, ही पारख आपांनी त्याला शिकविली. कापडाला आम्ही चिमटीत धरून पाहतो तसेच ते.

भाषेची एक गंमत सांगितली पाहिजे. आपा आणि त्यांचे सारे गाव घरात मराठीच बोलते, कोकणी वळणाची. आमच्या घरची बोली दखनी. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलेलो, मराठी दुकानाच्या उंबऱ्यावर गिऱ्हाइकांकडून शिकलो. पहिल्या दिवशी आमच्या घरच्यांना वाटले, आपा आपल्याशी परक्यासारख्या बोलतात. आपांना वाटले, ही मंडळी सिनेमासारखे बोलतात. दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या पिठाने प्रश्न सोडविला. आमच्या घरच्यांनी आपांच्या चुलीवर भाकरी थापली, आपांनी ती आवाज करीत खाल्ली आणि विचारले की एवढ्या कोरड्या मुलखात तुम्ही लेकरे कशी वाढवता? उत्तर देताना दोघींच्या भाषा एक झाल्या.

सूनबाई त्या अंगणात दुपारी दोन-दोन तास झोपल्या. पाळण्याची दोरी आपांच्या मुलीच्या पायाला.

परत आल्यावर आम्ही खर्चाचा हिशेब मांडला. दर शंभर रुपयांतले साधारण पंचेचाळीस मोटार, बोट आणि रेल्वेत गेले. तीस राहण्यात, वीस जेवणात, पाच किरकोळ. म्हणजे लांबच्या कुटुंबाला महाग पडतो तो प्रवास, ताट नव्हे. त्यामुळे दोन दिवसांची धावपळ करण्यापेक्षा पाच दिवस एका-दोन ठिकाणी बसणे हेच फायद्याचे. दुकानाच्या पाच दिवसांच्या गल्ल्याचे विचाराल तर मागील वर्षीच्या पौषातील तेच पाच दिवस वहीत काढून पाहिले. त्या गल्ल्यातून नोकरांचे पगारही निघाले नव्हते.

परभणीला समुद्र नाही, पण बाहेरून येणारी कुटुंबे आहेत. हजरत शाह तुराबुल हक यांच्या उरुसाला फेब्रुवारीत दूरदूरहून माणसे येतात, त्यांत लेकुरवाळ्या स्त्रिया किती असतात! गंगाखेडला संत जनाबाईंच्या गावी, पाथरीला साईभक्त येतात. यांपैकी किती जणींना आपल्या पेठेत बसून लेकराला पाजायला आडोसा मिळतो? उकळलेले पाणी कोणते हॉटेल देते? एवढी सोय करायला भांडवल लागत नाही. आमच्या दुकानाच्या मागच्या भागात गाठी ठेवायची आठ फुटांची जागा होती. तेथे पडदा लावला, एक खाट टाकली, थर्मास ठेवला. उरुसाच्या दिवसांत तेथे बसायला आलेल्या बायका उठताना काही ना काही घेऊन गेल्या. सर्वांत जास्त खपली ती मलमल. कडा दुमडून दिलेले गजाचे तुकडे, सहाचा जोड. दुमडण्याचे काम मोहल्ल्यातील तीन भगिनींना नगाप्रमाणे दिले आहे.

आपांनी नातवाचे ते तुकडे पाहिले होते. त्यांच्याकडे येणाऱ्या लेकुरवाळ्या पाहुण्यांना विकता येतील म्हणून त्यांनी पन्नास जोड मागविले. आम्ही पार्सलने पाठविले. पैशाऐवजी त्यांनी नव्या झाडांची पहिली सुपारी पाठविली, सोळा किलो, सोललेली. येथील पानमालाच्या व्यापाऱ्याने ती दाताखाली धरून पाहिली आणि भाव न विचारता सगळी ठेवून घेतली. पुढच्या खेपेला सुपारीची प्रत वेगळी काढून, दर आधी ठरवून पाठवा, असे आम्ही आपांना कळविले आहे. आणि त्यांनी उलट विचारले आहे की मलमल फिक्या गुलाबी रंगात मिळेल काय, पक्क्या रंगात. मालेगावला चौकशी चालू आहे.